पुलाचं काम चालू आहे

इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाचे संपादक गेल्या महिन्यात घरी येऊन गेले. "नलूताई, इतकी वर्षं तुम्ही देवासमध्ये धंदा केलात, एक अनुभवाचा लेख द्या," म्हणाले. त्यांच्या डोळ्यांसमोर माझी टायपिंग इन्स्टिट्यूट होती. मी म्हटलं, टायपिंगबद्दल लिहायचं तर मुली येत, शिकत आणि लग्न होऊन जात. तीन ओळींत लेख संपेल. मला त्यानंतरचं लिहायचं आहे. संपादकांचा चेहरा पडला. त्यानंतरचं म्हणजे राक्षस, मांत्रिक आणि तलवारी, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं, कारण त्यांच्या थोरल्या चिरंजीवांनी बी.कॉम.ची दोन वर्षं माझ्याकडेच काढली होती. "जरा संस्कारक्षम असू द्या," एवढं बोलून ते चहा अर्धा टाकून गेले.

मी मूळची धारची. हे देवासच्या औद्योगिक भागात एका कारखान्यात होते, म्हणून लग्न होऊन इकडे आले. टेकडीकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं घर, आणि पुढच्या खोलीत माझे टाइपरायटर. नव्वदनंतर हळूहळू टाइपरायटरला कुणी विचारेना, तेव्हा मी कॉम्प्युटर आणले. सकाळ-संध्याकाळ क्लास चालत. दुपारी मात्र यंत्रं नुसती बसून असत, आणि बसून असलेलं माणूस मी एक वेळ सहन करीन, बसून असलेलं यंत्र मला बघवत नाही. कॉलेजच्या पोरांनी गळ घातली, मॅडम, दुपारी गेम टाका. मी टाकले. हे म्हणाले, "सरस्वतीच्या फोटोखाली राक्षस मारणार?" मी म्हटलं, देवांनी जन्मभर दुसरं काय केलं? फोटो मात्र मी दुसऱ्या भिंतीवर हलवला.

ज्यांनी हे गेम कधी पाहिलेच नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगते. गाड्या पळवायचे आणि गोळ्या घालायचे गेम वेगळे. ते माझ्याकडे होते, पण माझं नाव झालं ते भूमिकेच्या गेममुळे. यात तुम्ही एक पात्र होता. शिपाई व्हा, चोर व्हा, मांत्रिक व्हा. एक कल्पित जुनं राज्य असतं. त्यात तुम्ही हिंडता, लोकांशी बोलता, लोक तुम्हाला कामं सांगतात आणि ती केलीत की तुमची ताकद वाढते. वाटेत सोबती मिळतात. एकेक गेम महिनोन्महिने चालतो. उठताना जिथवर आलात ते साठवून ठेवायचं आणि दुसऱ्या दिवशी तिथून पुढे चालायला लागायचं.

यात दोन जाती होत्या. एक मोकळे गेम आणि एक गोष्टीचे गेम. हे शब्द माझे. पोरं इंग्रजीत काहीतरी म्हणत. मोकळ्या गेममध्ये तुम्हाला राज्यात सोडून देतात आणि सांगतात, महाराक्षस येतो आहे, जग बुडणार आहे, आता तुमचं तुम्ही बघा. तुम्ही मग मासे धरा, घर बांधा, बाजारात भाव करत बसा. महाराक्षस थांबतो. तुम्ही जाईपर्यंत तो बिचारा एका जागी उभा असतो. गोष्टीच्या गेममध्ये असं नाही. तिथे लेखकाने सगळं आधीच ठरवलेलं असतं. तरीही दर वळणावर तो तुम्हाला अदबीने विचारतो, काय कराल? खाली तीन उत्तरं देतो. तुम्ही डोकं खाजवून त्यातलं एक निवडता, आणि राजा तिन्ही उत्तरांवर तेच बोलतो. आपल्याकडे सगळं ठरल्यावर मुलीला विचारतात ना, "तुला पसंत आहे ना गं?" तसंच ते.

मोकळ्या गेमची माणसं निराळी. कुक्षीहून बदली होऊन आलेले सरकारी कचेरीतले एक बाबू होते. त्यांचा शिपाई पहिल्या गावाच्या वेशीपाशीच उभा राही. मी विचारलं, बाहेर का जात नाही? म्हणाले, "पहारेकऱ्याने अजून जा म्हटलेलं नाही." मी सांगितलं, तो तसं म्हणणारच नाही, त्याला तेवढं बोलता येत नाही, तुम्ही सरळ चालू लागा. त्यांना ते पटलं नाही. ते आठवडाभर रोज येऊन पहारेकऱ्याला भेटले आणि मग, या राज्याचा कारभार ढिसाळ आहे, असा शेरा मारून त्यांनी गेम सोडला.

दुसरा राजू भिया. इकडे भैयाला भिया म्हणतात. धामनोदचा, ट्रान्सपोर्टचा धंदा. आठवड्यातून एकदा कामासाठी देवासला येई आणि दुपारी माझ्याकडे बसे. जादूटोण्याने भरलेल्या त्या अफाट राज्यात त्याने काय केलं? एका गावात मीठ घेतलं आणि दुसऱ्या गावात विकलं. मग तिथून चामडं उचललं. "राजू भिया, हे तर तू रोजच करतोस," मी म्हटलं. तो म्हणाला, "मैडमजी, याँ टायर नी फटता." आणि महाराक्षस? "खड़ा है तो खड़ा रेन दो, अपना क्या ले रिया है?" त्याच्या राज्याबाहेर महाराक्षस तीन वर्षं जग बुडवायला थांबला होता.

दुकानदार म्हणून मला मोकळेच गेम आवडायला हवे होते, कारण ते संपत नाहीत. गोष्टीचा गेम संपला की गिऱ्हाईक डोळे पुसत घरी जातं. पण माझा जीव गोष्टीच्या गेममध्ये होता, आणि त्याचं कारण थोडं अहंकाराचं आहे. या गेममध्ये पात्रं सारखी बोलतात, तीही जुन्या वळणाच्या इंग्रजीत. आमची पोरं हिंदी शाळांतली. त्यांना ते पार डोक्यावरून जाई. मग मी खुर्ची ओढून मागे बसायची आणि वाचून सांगायची, हिंदीवाल्यांना हिंदीत, आपल्या लोकांना मराठीत. हळूहळू मला आवाज सापडले. राजाला एक, चेटकिणीला एक. शेजारच्या यंत्रावरचे आपला खेळ थांबवून ऐकत. धारहून दोघे जण बसने येत, कारण तिथे गेम होता पण सांगणारी बाई नव्हती. लेखकाची वाक्यं कधी पाणचट असली तर मी जरा मीठमसाला घालत असे. मूळ लेखक माझ्यावर खटला घालायला देवासला येणार नव्हता.

अशा दिवसांत मुळ्ये साहेब आले. ह्यांच्याच कारखान्यात सुपरवायझर, गंभीर, शर्टाचं वरचं बटण लावणारे गृहस्थ. पाळी बदलून मिळावी म्हणून अर्ज टाइप करून घ्यायला आले होते. कारण विचारलं तर इकडेतिकडे बघून आवाज खाली आणला. "हिचं पोटाचं आहे. तसलंच. इंदूरच्या डॉक्टरांनी सांगितलंय, फार आशा ठेवू नका. हिला काही सांगितलेलं नाही. अल्सर आहे म्हणून सांगतो. तुम्हीपण कुठे बोलू नका, मॅडम." मला यात काहीच वावगं वाटलं नाही. आपल्याकडे आजाऱ्याला आजाराचं नाव सांगायची पद्धतच नाही. ते सोडून बाकी सगळ्या गावाला सांगतात.

प्रिंट निघेपर्यंत ते एका मुलाच्या मागे उभे राहिले. पडद्यावर एक वैदीणबाई होती, गोष्टीच्या गेममधली. हातात झोळी, कपाळाला पट्टी. लढाईत जखमी झालेल्या सोबत्यांना ती बरं करी. साहेबांनी विचारलं, "ही कोण?" दुसऱ्या दिवशी दुपारी वहिनींना औषध देऊन, त्या झोपल्यावर ते परत आले आणि म्हणाले, "मला तो गेम लावून द्या. त्या बाईचा."

असा खेळाडू मी पाहिला नाही. त्यांचा स्वतःचा शिपाई फाटक्या अंगरख्यात हिंडे, आणि मिळेल ते उत्तम चिलखत वैदीणबाईच्या अंगावर. औषधाच्या कुप्या ते वापरतच नसत, तिच्या झोळीत साठवून ठेवत. लढाई आली की शिपाई पुढे, बाई सगळ्यांच्या मागे झाडाआड. तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "ह्या बाईला पुढे काही होत नाही ना, मॅडम?"

आता, तो गेम मी दोन पोरांना वाचून संपवून दिला होता. मला ठाऊक होतं की पुढे एक पूल येतो. पुलावरचा पहारेकरी म्हणतो, चला, राजा वाट बघतो आहे. पूल ओलांडला की परत येता येत नाही आणि पलीकडे वैदीणबाई मरते. कुठलंही उत्तर द्या, कितीही कुप्या साठवा, ती मरतेच. लेखकाने ठरवून टाकलं होतं. दोन्ही पोरांनी त्याला हिंदीत यथेच्छ शिव्या घातल्या होत्या.

मी म्हटलं, "छे हो. काही होत नाही."

मग पूल आला. पहारेकरी इंग्रजीत म्हणाला, चला, राजा वाट बघतो आहे. मी मागून मराठीत सांगितलं, "तो म्हणतोय, पुलाचं काम चालू आहे. तोवर मागच्या गावांतली राहिलेली कामं उरकून घ्या."

हे जगात दुसरीकडे कुठे खपलं असतं असं मला वाटत नाही. पण आमच्या भागात त्या वर्षांत रस्त्यांची जी दशा होती ती ज्यांनी पाहिली आहे, त्यांना सांगायला नको. इंदूरला जाताना खड्डा कुठे संपतो आणि रस्ता कुठे सुरू होतो हे ड्रायव्हरलाच कळे. त्यामुळे पूल महिनोन्महिने बंद असतो यावर देवासच्या माणसाने शंका घेण्याचं कारण नव्हतं. साहेबांनी मान हलवली. "बरोबर आहे. ठेकेदार पळाला असेल," म्हणाले आणि मागे वळले.

त्यांना मी पुढे दोन-अडीच महिने फिरवलं. कुणाची हरवलेली शेळी शोधा, कुणाच्या विहिरीतलं भूत काढा, कुणा म्हातारीचं पत्र डोंगरापलीकडे पोचवा. गेममधली असली किरकोळ कामं संपली तेव्हा मी माझ्या पदरची घातली. "ही बाई म्हणतेय, परवा पुन्हा या." थोडक्यात, गोष्टीच्या गेमचा मी मोकळा गेम करून टाकला, आणि मला त्याचा भलता अभिमान वाटत होता. दुकानातल्या पोरांना मी आधीच बजावून ठेवलं होतं. तीही इमानाने गप्प राहिली. साहेब रोज आल्या आल्या विचारत, "मॅडम, पूल खुलला का?" आणि पोरं एका सुरात सांगत, "नहीं अंकल, अभी काम चल रिया है." त्यांच्या चेहऱ्यावर त्या वेळी जे बरं वाटल्याचं दिसे ते मी कधी विसरणार नाही. पूल उघडलेला त्यांनाही नको होता.

राजू भियाला मात्र हे सांगायचं राहून गेलं. एका दुपारी तो शेजारच्या यंत्रावर मीठ विकत बसला होता. साहेबांनी नेहमीचा प्रश्न विचारला, पोरांनी नेहमीचं उत्तर दिलं. राजू भियाने मान वळवून पडद्याकडे बघितलं. "कौन-सा पुल बंद है? ये? अरे भिया, पुल बंद होता तो गाड़ियों की लैन लगती. याँ तो एक बैलगाड़ी नी खड़ी."

मी डोळ्यांनी खुणा केल्या. पण रस्त्याबद्दल कुणी चुकीचं बोललेलं त्याच्याने ऐकवत नसे. त्याने हात लांबवून साहेबांचा माउस घेतला आणि शिपायाला, सोबत वैदीणबाईला, चालवत थेट पुलाच्या तोंडाशी नेलं. पहारेकरी बाजूला झाला. "ये लो साब. पुल तो चकाचक है."

"ओलांडू नका!" मी ओरडले.

साहेबांनी माउस राजू भियाच्या हातातून काढून घेतला आणि हात मांडीवर ठेवले.

"पलीकडे बाई जाते?" त्यांनी विचारलं.

"जाते."

"दुसरा रस्ता?"

"नाही."

"तुम्हाला कधीपासून माहीत?"

"पहिल्या दिवसापासून."

त्यांनी मागे वळून पोरांकडे बघितलं. पोरं कीबोर्डकडे बघत होती. "म्हणजे सगळ्यांना माहीत आहे," ते म्हणाले, "एक मला सोडून." मग ते पुन्हा पडद्याकडे वळले. आणि बोलले ते माझ्याशी नाही, पडद्याशी बोलल्यासारखं.

"आमच्या घरीपण हेच काम चालू आहे, मॅडम. डॉक्टरांना माहीत, मेव्हण्याला माहीत, मुलीला माहीत, स्वयंपाकाच्या बाईलासुद्धा माहीत. ही विचारते, धारला अक्काकडे कधी जायचं? मी म्हणतो, ऊन उतरू दे. मग म्हणतो, पाऊस थांबू दे. मग रस्ता खराब आहे म्हणतो. ती म्हणते, बरं, मग मी बरी झाल्यावरच जाऊ." ते उठले. "मला आत्ता तुमचा फार राग आलाय. एका खोट्या बाईसाठी इतका राग. हिला कळेल तेव्हा किती येईल? आणि आता कळून तरी, हिच्या हातात दिवस किती राहिले?"

चपलेत पाय त्यांचा दुसऱ्या खेपेला गेला. राजू भिया हळूच म्हणाला, "मैडमजी, मेरे से कुछ गड़बड़ हो गई क्या?" मी म्हटलं, नाही, रस्ता तू बरोबर सांगितलास.

नंतर साहेब आलेच नाहीत. त्यांचा खेळ मी त्याच दुपारी होता तिथे साठवून ठेवला आणि कुणाला पुसू दिला नाही. ह्यांना कारखान्यातलं विचारलं तर म्हणाले, मुळ्ये रजेवर आहेत. मी मनातल्या मनात स्वतःची बाजू मांडत बसे. माझं काय चुकलं? माणसाला दुपारचा एक तास सुखाचा दिला. त्यावर मनातलेच मुळ्ये साहेब वरचं बटण लावून विचारत, मग मला का नाही विचारलंत?

दिवाळी होऊन गेल्यावर एका दुपारी दाराशी रिक्षा थांबली. साहेबांनी हात धरून वहिनींना उतरवलं. फार वाळल्या होत्या. अंगाभोवती धारकडच्या बाग गावच्या छापाची चादर लपेटलेली, लाल आणि काळी, अगदी कोरी. त्या दारातच उभ्या राहिल्या आणि मला आपादमस्तक न्याहाळून म्हणाल्या, "पूल बंद ठेवणाऱ्या त्या तुम्हीच का?"

मी खुर्ची पुढे केली. त्या बसल्या, दम घेतला आणि मग धारच्या बायका बोलतात तशा सरळ बोलल्या. "ह्यांनी एकदाचं सांगितलं. मी दोन दिवस ह्यांच्याशी बोलले नाही. मरणाचं वाईट वाटलं, ते तर वाटणारच. पण अहो, इतके महिने मला लापशी खाऊ घालून ठेवलं की हो! अक्काकडे जायचं मी बरी झाल्यावर म्हणून ठेवलं होतं. मुलीला सगळं शिकवायचं ते बरी झाल्यावर. मला कुठे ठाऊक की ते 'झाल्यावर' काही येणारच नाहीये?" साहेब खाली बघत उभे होते. "मग मात्र मी धारला गेले. अक्काशी पोटभर भांडले, पोटभर बोलले. आणि येताना गाडी बागला न्यायला लावली. ही चादर मी उभी राहून निवडलीय. ह्यांनी आणली असती तर करडी आणली असती."

मला हसू आलं आणि रडूही आलं, आणि मी दोन्ही केलं. वहिनी त्यानंतरच्या चैत्रात गेल्या. मोबाइल घरोघर झाले, पोरं यायची बंद झाली, मी दुकान मोडलं, यंत्रं भंगारात गेली. माझ्या धंद्याचं मला कधी वाईट वाटत नाही. आपल्या माणसांना न विचारता त्यांच्या भल्यासाठी किती वळणं घ्यायला लावतो आपण, याचं वाटतं. संपादकांना यात संस्कार सापडले तर त्यांनी ते जरूर घ्यावेत.

पण त्या दुपारचं सांगते. वहिनी म्हणाल्या, "ती बाई दाखवा मला. हे रोज जिच्यासाठी येत होते ती." मी साहेबांचा खेळ उघडला. शिपाई आणि वैदीणबाई पुलाच्या तोंडाशी उभी होती, राजू भियाने सोडली होती तशीच. वहिनींनी तिला नीट बघितलं, चिलखताकडे बघितलं, ठासून भरलेली झोळी बघितली. नवऱ्याकडे मात्र बघितलं नाही.

"आणि हा तो पूल?"

"हो," मी म्हटलं. "पलीकडे गेलं की गोष्ट पुढे सरकते."

"आणि नाही गेलं तर?"

"नाही गेलं तर काही होत नाही. हे लोक थांबतात."

"थांबतात? बरं आहे त्यांचं."

साहेबांनी खाकरून विचारलं, "मग? जायचं का पुढे?"

वहिनींनी माउसवर हात ठेवला. "पुढचं मला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "त्या डावीकडच्या वाटेला काय आहे, ते बघू या."